परिच्छेद गाळलात

१

हे सगळं मी सांगतेय आणि मिनल टाईप करतेय, तेव्हा कुठे चूक सापडली तर ती तिची. "माझी कशी? तुम्हीच भराभर बोलता," असं ती आत्ता म्हणाली. मिनल, हे लिहायचं नव्हतं गं. लिहिलंस? बरं, राहू दे.

भाईंदर पूर्वेला, आमच्या इंद्रलोकमधल्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मिनलचा कॉम्प्युटर क्लास आहे. सहा मशीनं, एक मोडेम आणि दारावर 'चप्पल बाहेर काढा' अशी पाटी. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर मी रोज दुपारी तीन वाजता, क्लासची पोरं यायच्या आधी, तिथे जाऊन बसायला लागले. मोडेम आधी शीळ घालायचा, मग घसा खाकरायचा आणि मग आमची 'पानखूण' उघडायची.

पानखूण म्हणजे वाचणाऱ्यांचा गट. एकाने ई-मेल लिहिली की ती सगळ्यांना जायची, एवढंच. बावीस माणसं. कोणी मीरा रोडला, कोणी रत्नागिरीला, दोघं मस्कतला, एक बाई थेट अमेरिकेत. कॉम्प्युटरला तेव्हा मराठी अक्षरं धड येत नसत, म्हणून सगळं इंग्रजी लिपीत मराठी. वाचताना जीभ अडखळायची, पण काय माणसं होती! एकीला बाळ झालं तर तिने हॉस्पिटलातून घरी आल्या आल्या पहिली मेल बाळाच्या वजनाची नाही लिहिली, 'अकरावं प्रकरण कोणी सांगेल का' अशी लिहिली. असली येडी माणसं मला जन्मात भेटली नव्हती, आणि मी त्यांच्यातल्या तिघांचेच चेहरे पाहिले होते.

चेहरे न पाहिल्याचं मला काही वाटलं नाही. मी सुचेता, वय त्रेपन्न, लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर. न दिसणाऱ्या माणसांशी बोलणं हीच माझी नोकरी. ती सोडली डोळ्यांपायी. काचबिंदू. डावा डोळा तीन वर्षांपूर्वी पूर्ण गेला, उजवा कडेकडेने झाकत येत होता. हे मी गटात कोणालाही सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्या माणसांना असलं काही सांगितलं की ती हळवी होतात आणि हळवी माणसं भांडत नाहीत, आणि मला ती भांडणं हवी होती.

आमचा एक रिवाज होता. जुनं, कुठेच न मिळणारं पुस्तक एकाकडे असलं की त्याने रोज एक पान टाईप करून सगळ्यांना पाठवायचं. बाकीच्यांनी तेवढ्याच पानावर बोलायचं. ज्याच्या हातात पुस्तक, त्यानेसुद्धा पुढे वाचायचं नाही. बावीसच्या बावीस जण एका पानावर. हा शेवटचा नियम पाळणं म्हणजे जीव काढणं होतं, पण सगळे पाळायचे.

त्या वेळचं पुस्तक गुणवंतरावांना भाईंदर पश्चिमेला रद्दीच्या दुकानात मिळालेलं. गुणवंतराव म्हणजे गट चालवणारे, रिटायर झालेले मास्तर. पुस्तकाला कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळे नावही नाही आणि लेखकही नाही. खाडीवर होडी चालवणाऱ्या शेवंती नावाच्या बाईची गोष्ट. शहाण्णव पानं गुणवंतरावांनी टाईप केली आणि मग पाठदुखीमुळे पुस्तक माझ्याकडे आलं.

आणि पुस्तकाबरोबर आत्माराम आले.

२

म्हणजे त्यांच्या मेली आधीही यायच्या, पण मी फक्त वाचणारी होते. आता मी पान पाठवायचे आणि वीस मिनिटांत पहिलं उत्तर त्यांचं असायचं.

माझं कौतुक संपणार नाही त्या माणसाचं, म्हणून एकच सांगते. एकशे दहाव्या पानावर सगळे शेवंतीच्या नवऱ्यावर भांडत होते. आत्मारामांनी दोन ओळी लिहिल्या. 'आतापर्यंत सतरा माणसं होडीतून उतरली. एकानेही मागे वळून तिच्याकडे पाहिलेलं नाही. मोजून बघा.'

मी मोजलं. सतरा. लेखकाने कुठेही तसं म्हटलं नव्हतं. मी हातातला पापड तसाच धरून बसले होते. पंचेचाळीस वर्षं मी पुस्तकं वाचली असं मला वाटत होतं आणि ह्या माणसाने दोन ओळींत दाखवलं की मी नुसती पानं उलटत आलेय. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी वाचायला लागले, हे कबूल करते.

एकशे एकविसाव्या पानावर एक लांबलचक परिच्छेद होता. भरतीचं पाणी चिखलावर कसं चढतं, नुसतं तेवढंच. माझे डोळे दुखत होते, पोरं बाहेर चपला काढायला लागली होती. म्हटलं, कोणाला कळतंय. गाळला.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. 'सुचेताबाई, दुसरा परिच्छेद गाळलात. भरतीचा. तो नसला तर उद्याच्या पानावर शेवंती का थांबते ते कोणाला कळणार नाही.'

मला आधी लाज वाटली. मग बरं वाटलं, की ह्यांच्याकडेही एक प्रत आहे. मी लगेच लिहिलं, 'माफ करा. तुमच्याकडे पुस्तक आहे तर! मग थोडं तुम्हीही टाईप करा की हो.'

'नाही,' त्यांनी लिहिलं. 'पुस्तक एकच आहे. ते तुमच्याकडे आहे.'

३

असेल, लहानपणी वाचलेलं असेल, पाठ असेल. माझ्या आईला अख्खी पोथी पाठ होती. असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

मग हळदीचं झालं. पान एकशे चाळीस. सकाळी फोडणी टाकताना मला चैन पडेना, म्हणून ओट्यावरच पुस्तक उघडलं आणि बोट लागलं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळाधम्मक ठसा. स्वतःला चार शिव्या दिल्या, पुसायला गेले तर अजून पसरला. दुपारी पान टाईप करून पाठवलं. डागाबद्दल अवाक्षर नाही.

'हळदीचं बोट लागलं वाटतं,' आत्मारामांनी लिहिलं. 'असू द्या. माझ्या हातून बावन्नाव्या पानावर तेल सांडलं होतं.'

मी बावन्नावं पान उघडलं. तेलाचा जुना, आरपार गेलेला डाग होता. शेजारी पेन्सिलीची बारीक रेघ. तशा रेघा पहिल्या पानापासून होत्या, मी त्या रोज बघत होते. बरोब्बर चांगल्या वाक्यांखाली असायच्या.

"काय झालं ताई?" मिनलने विचारलं. "ए.सी. लावू का? घाम आलाय तुम्हाला."

घरी येऊन मी गुणवंतरावांना फोन लावला.

"मास्तर, हे आत्माराम कोण? तुम्ही पाहिलंय का त्यांना?"

"नाही बुवा. का?"

"त्यांना माझ्या स्वयंपाकघरातलं कळतं."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या वेळेलाही कळायचं. एकदा लिहिलं, तुमचा पंखा फार कुरकुरतो, वाचताना लक्ष जातं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पंख्याला तेल घातलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुचेताताई, खरं सांगू? यादीत बावीसच पत्ते आहेत. माझ्याकडे ती यादी आहे, मीच केलीय. हा तेविसावा कुठून येतो ते मला माहीत नाही. विचार केला, बंद करता येतं का बघू. पण मग ते सतरा माणसांचं कोणी सांगितलं असतं? असं वाचणारा माणूस परत मिळतो का? काढायचं का त्यांना? तुम्ही म्हणत असाल तर मिनलला विचारून बघतो."

"काढू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या भाभी "क्या हुआ बेन?" म्हणत दारात आल्या.

४

भीती वाटत नव्हती असं नाही. मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. ओट्यावर न्यायचं बंद केलं. पलंगावर भिंतीला टेकून बसायचे, पाठ भिंतीला आणि डावी बाजू खिडकीला. डावीकडचं मला दिसायचं नाही, तिकडे दार असलं की अस्वस्थ व्हायचं.

तरीही एक गोष्ट व्हायला लागली. मी पान उलटायच्या जरासं आधी पान उलटल्याचा आवाज यायचा. अगदी जवळून, डाव्या कानाशी. म्हटलं, कान वाजत असतील. डोळे गेले की कान जास्त ऐकतात म्हणतात. मी मुद्दाम हळू वाचून पाहिलं, तर तो आवाजही उशिरा आला. माझ्यासाठी थांबल्यासारखा.

जानेवारीत डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी. उजव्या डोळ्याचं. "आहे तेवढं टिकवायला करतोय," ते म्हणाले. "टिकेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही." चांगला माणूस, खोटं बोलला नाही.

मी रिक्षात बसून हिशोब घातला. पुस्तकाची पानं एकशे ब्याण्णव, हे गुणवंतरावांनी पहिल्याच दिवशी गटाला कळवलेलं. मी एकशे पंचाहत्तरवर. रोज एक पान म्हणजे बुधवारपर्यंत पुस्तक संपत नाही. शेवंती शेवटी खाडीच्या कुठल्या काठाला राहिली, हे मला माझ्या डोळ्यांनी कधीच वाचता येणार नाही. दुसरं कोणी वाचून दाखवेल की, असं मी मनाला म्हटलं आणि त्या रिक्षात मोठ्याने रडले. रिक्षावाला बिचारा आरशात बघून म्हणाला, "मॅडम, हॉस्पिटल वापस लूँ क्या?"

शनिवारी मी एकशे शहात्तरावं पान पाठवलं. आत्मारामांचं उत्तर फक्त मला आलं, गटाला नाही.

'सुचेताबाई, ह्याच्या पुढची सोळा पानं जोडलेली आहेत. छापखान्यात कापायची राहिली. धारदार सुरी घेऊ नका, पान फाटतं. बोथट घ्या. मीही तिथवरच आलो होतो. नियम माझाही आहे, पण बुधवारनंतर आपल्याला दिसणार नाही. उद्या संपवू.'

मी बुधवारचं कोणालाही सांगितलं नव्हतं. मिनललासुद्धा नाही.

'आपल्याला' हा शब्द मी तीनदा वाचला. मग मशीन बंद केलं.

५

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी दाराला आतून कडी लावली. पुस्तक उघडलं. खरंच, एकशे सत्त्याहत्तरपासूनची पानं वरून आणि कडेने जोडलेली होती. आजवर एक-एक पान उघडत आले, शेवटाकडे कधी पाहिलंच नव्हतं. नियम पाळण्याचा हा परिणाम. पेन्सिलीच्या रेघाही तिथेच थांबल्या होत्या. मी लोण्याची सुरी घेतली आणि एकेक घडी उघडत गेले. कागदाचा भुसा मांडीवर पडत होता. आतली पानं कोरी करकरीत, छापल्यापासून कोणाचंही बोट न लागलेली. सोळाच्या सोळा मी बघितली. कुठेही एक रेघ नव्हती.

तीन वाजता वाचायला सुरुवात केली.

पूल झाला होता. खाडीवर आता लोक चालत जात होते. शेवंतीची होडी काठाला नुसती हलत होती. मला एकेका ओळीवरून बोट फिरवावं लागत होतं, चार ओळी वाचल्या की डोळा मिटून थांबावं लागत होतं. पान उलटल्याचा तो आवाज आता आधी येत नव्हता. माझ्याबरोबर येत होता.

खाली पोरं क्रिकेट खेळत होती, मग त्यांचा आवाज बंद झाला. मला अंधार पडल्याचं लवकर कळायचं नाही, सगळं मुळातच मळकट. मी एकशे सत्त्याऐंशीवं पान उलटलं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बारीक, तिरकं, घाईघाईचं अक्षर.

'दिवा लावा, सुचेताबाई. दिसत नाही.'

हे पान मी दुपारी बघितलं होतं. कोरं होतं. माझ्या घरात पेन्सिल नाही.

उठावं, कडी काढावी, भाभींना हाक मारावी, सगळं मनात आलं. दिव्याचं बटण माझ्या उजव्या हाताला होतं. मी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि ट्यूब लावली. ती दोनदा लुकलुकली आणि लागली. डावीकडे कोणीतरी हुश्श केलं.

मी मान वळवली नाही. वळवून उपयोगही नव्हता, उजव्या डोळ्याने तिकडे पलंगाची कड आणि खिडकीचा गज दिसला असता. पण मला काय सुचलं कोण जाणे, मी उजवा डोळा मिटून घेतला.

तीन वर्षं बंद असलेल्या माझ्या डाव्या डोळ्याला एक म्हातारा माणूस दिसला. माझ्या खांद्याला जवळजवळ हनुवटी टेकवून, चष्मा कपाळावर चढवून, पानात डोकं घातलेला. ओठ हलत होते. शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष पुस्तकात होतं, आणि बोट माझ्या बोटाच्या शेजारी त्याच ओळीवर ठेवलेलं होतं.

मी डोळा उघडला आणि वाचायला लागले. दुसरं काय करणार होते? इतकी वर्षं तो त्या सोळा पानांच्या दाराशी उभा होता. मी मुद्दाम सावकाश वाचत होते, त्याची ओळ चुकू नये म्हणून.

शेवटचं वाक्य साधंच होतं. शेवंतीने होडी काठावर ओढली, दोर बांधला आणि ती घरी गेली. मागे वळून न बघता.

मी पुस्तक मिटलं. पलंगाची डावी बाजू किंचित वर आली, कोणी उठलं की येते तशी.

"आवडलं का हो?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. आत्मारामांची मेल त्यानंतर कोणालाच आली नाही.

६

ऑपरेशन डॉक्टरांनी नीटच केलं. डोळा राहिला नाही.

पट्टी सुटली त्या दिवशी गुणवंतराव आले, गटातली नीलम आली, मस्कतच्या जोडीने फोन केला. सगळ्यांना आता कळलं होतं आणि सगळे अगदी मला वाटलं होतं तसे हळवे झाले होते. शेवटची सोळा पानं गुणवंतरावांनी टाईप करून गटाला पाठवली. समासातल्या पेन्सिलीबद्दल मी विचारलं, तर म्हणाले, "आहे. शेवटपर्यंत रेघा आहेत."

नवीन पुस्तक नीलमकडे गेलं. नीलम म्हणजे आमच्यातली सगळ्यात भांडखोर, काशीमीऱ्याला एका गॅरेजच्या वर राहते. तिच्या घरी मी कधी गेले नाही. रोज दुपारी तीन वाजता मी आता भिंतीला हात लावत खाली येते, चप्पल बाहेर काढते आणि मिनल मला मेली वाचून दाखवते.

परवा नीलमने तेरावं पान पाठवलं. मिनलने वाचलं. मी म्हटलं, "हं. लिही. नीलम, तिसरा परिच्छेद गाळलास. आत्याच्या ट्रंकेचा."

मिनलने विचारलं, "ताई, हे पुस्तक तुम्ही आधी वाचलंय?"

"नाही गं."

"मग?"

आता हे टाईप करतेय म्हणून तिला कळतंय, पण तेव्हा काय सांगणार होते? की दोन्ही डोळे मिटलेले असले की मला एक पान दिसतं, पिवळ्या कागदाचं, वर उजवीकडे फाटलेलं? की ते धरलेल्या हाताच्या करंगळीला नेलपॉलिश अर्धं उडालेलं आहे? मला त्याची इतकी भीती वाटते की पहिल्या दिवशी मी दोनदा वाटाण्याची उसळ करपवली. आणि त्या पानासाठी मी सकाळपासून वाट बघत असते, हेही तितकंच खरं.

"लिही," मी म्हटलं. "खाली घाल की नीलम, ट्यूब तुझ्या पाठीमागे आहे. पानावर तुझ्याच डोक्याची सावली पडते. जरा उजवीकडे सरक."

मिनलची खुर्ची करकरली. मग कीबोर्डचा आवाज आला. आणि माझ्या डावीकडच्या म्हाताऱ्याचं टाईप करून झाल्यापासून मिनलने माझी खुर्ची तिच्या डाव्या हाताची उचलून उजव्या हाताला ठेवलीय.

काल नीलमचं उत्तर आलं. मिनलने ते हळू आवाजात वाचलं. गाळलेला परिच्छेद पूर्ण टाईप केलेला होता, ट्रंकेच्या कुलपासकट. त्याच्याखाली एकच ओळ होती.

'सरकले, ताई. आता दिसतंय का नीट?'

"काय लिहू?" मिनलने विचारलं.

मी म्हटलं, "लिही, दिसतंय. पान उलट."